पाटणची लाइन तुटली, फलटणचे आलेख का तुटले?
(साताऱ्यात नेटवर्क सांभाळणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एका सहकारी संस्थेच्या शाखांचं नेटवर्क मी काही वर्षं सांभाळलं. मुख्य कार्यालय साताऱ्यात. शाखा फलटण, म्हसवड, पाटण, महाबळेश्वर अशा विखुरलेल्या. एका पावसाळ्यात पाटणची लाइन गेली. त्यात नवल काही नव्हतं. पण त्याच वेळी फलटणच्या उपकरणांची हालहवाल दाखवणाऱ्या आलेखांनाही भोकं पडली. फलटणची लाइन तर ठणठणीत होती! दोन दिवस आम्ही फलटणचा राउटर उलटापालटा करून पाहत होतो.

चूक आमच्या देखरेखीच्या यंत्रणेतच होती. एसएनएमपी म्हणजे उपकरणांना त्यांची हालहवाल विचारण्याची ठरलेली भाषा. तिचे प्रश्न सहसा यूडीपी या पाठवण्याच्या साध्या पद्धतीनं जातात. तिथे पोच मिळत नाही, उत्तर आलं नाही तर विचारणाऱ्यानंच पुन्हा विचारायचं. हे प्रश्न विचारणारी नेट-एसएनएमपीची साधनं काही न सांगता चालवली, तर १ सेकंद वाट बघतात आणि आणखी ५ वेळा विचारतात. म्हणजे एका मुक्या प्रश्नापायी ६ सेकंद. पाटणला १२ उपकरणं, प्रत्येकाला ५ प्रश्न, आणि आमची स्क्रिप्ट एकामागून एक विचारणारी. करा गुणाकार: ३६० सेकंद. सगळ्या शाखांना विचारण्याची फेरी होती दर ३०० सेकंदांनी. पाटणचीच विचारपूस संपेना, तोवर पुढची फेरी दारात उभी. यादीत पाटणच्या मागे असलेल्या फलटणचा नंबर लागणार कधी?

जिवंत उपकरण स्वस्त असतं, ते चटकन उत्तर देऊन मोकळं करतं. वेळ खातं ते मेलेलं. म्हणून हिशेब नेहमी सगळ्यात वाईट दिवसाचा मांडा. सगळं सुरळीत असताना फेरी ४० सेकंदांत उरकते, याला काही अर्थ नाही.

यावर आमचा पहिला उपाय मूर्खपणाचा होता: सगळीकडे टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मुदत, अर्ध्या सेकंदावर आणला. फलटण खूश. महाबळेश्वर मात्र पडद्यावर कायमचं लाल! तिथे व्हीसॅट होता, म्हणजे छोट्या तबकडीवरून उपग्रहामार्फत चालणारी लाइन. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. प्रश्न वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर आणि खाली. प्रकाशाच्या वेगानंसुद्धा यात जवळपास ४८० मिलिसेकंद जातात, आणि त्यात उपकरणांचा वेळ धरलेला नाही. त्यात तिथला पाऊस! व्हीसॅटच्या केयू बँड या लहरपट्ट्यातला सिग्नल मुसळधारेत क्षीण होतो. म्हसवडच्या कोरड्या माळावरचा आकडा महाबळेश्वरला चालणारच नव्हता.

मग आकडा काढायचा कसा? टीसीपी, म्हणजे पोच घेऊन माहिती पाठवण्याची इंटरनेटवरची पद्धत, तिच्यासाठी नेटवर्क-संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेली रीत मला अजूनही पटते. उत्तराला लागणारी सरासरी वेळ घ्या आणि तिच्यात चढउताराचा अंदाज मिळवा. पुढे रूढ झालेल्या सूत्रात तो चौपट धरतात. तेवढी वाट बघायची. त्यासाठी आधी प्रत्येक लाइनचं मोजमाप हवं, आणि तेही महिनाअखेरीच्या गर्दीसकट. शिवाय पिंगची, म्हणजे ‘आहेस का?’ एवढंच विचारणाऱ्या हाकेची, वेळ पाहून एसएनएमपीचा टाइमआउट ठरवू नका. कित्येक स्विच (शाखेतली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या) एसएनएमपीचं काम सवडीनं करतात; पिंगला तत्पर असतात आणि इकडे दोन सेकंद घेतात.

आता पुन्हा विचारण्याबद्दल. वाड्याची कडी वाजवली आणि आजोबा परसात असले, तर लागोपाठ सहा वेळा वाजवून काय होणार? थोड्या वेळानं परत जायचं. एखादं पॅकेट हरवलं असेल तर लगेच विचारलेला दुसरा प्रश्न पुरतो. लाइनच वीस सेकंद गेली असेल, तर सहा सेकंदांत संपणारे सगळे प्रयत्न त्याच खड्ड्यात पडतात. म्हणून एका तपासणीत एक-दोनच पुनर्प्रयत्न, आणि एसेमेस जाण्याआधी मिनिटाच्या अंतरानं तीन तपासण्या. नागिऑस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा अंतरानं पुन्हा तपासण्याची वेगळी सोय असते. त्यातच शाखेचा राउटर हा बाकी उपकरणांचा पालक म्हणून नोंदवता येतो, म्हणजे राउटर गेल्यावर मागच्या अकरांच्या नावानं बोंब होत नाही. आमच्या स्क्रिप्टलाही आम्ही तेच शिकवलं: राउटर गप्प, तर पुढे विचारूच नकोस.

महाबळेश्वरला शेवटी आम्ही एक छोटी पेटी ठेवली. ती तिथल्या तिथे विचारते, उत्तरं साठवते आणि लाइन आली की साताऱ्याला पाठवते. झॅबिक्स या देखरेखीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याला प्रॉक्सी म्हणतात. तिला बॅटरी मात्र वेगळी द्या. पहिल्या पावसाळ्यात आमची पेटी शाखेतल्या दिव्यांबरोबरच विझायची.