पर्सियसची साक्ष

मित्रहो, ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात केफालोनिया नावाचं बेट आहे. त्याच्या किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरवर, ५२ मीटर खोल पाण्यात, 'पर्सियस' ही ब्रिटिश पाणबुडी १९४१ सालापासून पडून आहे. लांबी ८८ मीटर. पुढच्या भागात पाणसुरुंगाने केलेला घाव दिसतो. मागच्या डेकवर एक गोल हॅच, म्हणजे आत-बाहेर करायचं झाकणाचं दार, आहे आणि ती उघडी आहे. आज मला बोलायचंय ते त्या उघड्या हॅचबद्दल. एका माणसाचं खरं-खोटं तिच्यावर ठरलं, आणि ते ठरायला ५६ वर्षं लागली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९४१ च्या नोव्हेंबरात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांची 'क्रुसेडर' मोहीम सुरू झाली. आपली चौथी भारतीय डिव्हिजन त्या वाळवंटात लढत होती. समोर जर्मन सेनापती रोमेल, आणि रोमेलचं पेट्रोल, दारूगोळा, अन्न, सगळं इटलीहून जहाजांनी भूमध्य समुद्र ओलांडून येणार. ती जहाजं बुडवणं हे पाणबुड्यांचं काम. म्हणजे आपल्या गावांतून गेलेल्या जवानांच्या लढाईचा एक धागा या पाण्याखालून जात होता. पुढे १९४४ मध्ये यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तोही याच समुद्राच्या काठच्या देशात. आपल्याकडे भूमध्य समुद्र म्हटलं की हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. यायला हवं, असं मला वाटतं.

भूमध्य समुद्र पाणबुडीला फार वाईट. पाणी इतकं स्वच्छ की खाली असलेली पाणबुडीसुद्धा विमानातून दिसते. त्यामुळे दिवसभर पाण्याखाली राहायचं आणि रात्री वर येऊन बॅटऱ्या भरायच्या. शिवाय सगळीकडे सुरुंग पेरलेले. पर्सियस ज्या वर्गातली होती त्या वर्गात सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्यांतली 'पोसायडन' युद्धाच्या आधीच, १९३१ मध्ये, चीनच्या किनाऱ्याजवळ व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. युद्धातून सुटली ती एकटी 'प्रोटियस'. बाकीच्या चारही भूमध्य समुद्रात गेल्या.

२६ नोव्हेंबर १९४१ ला पर्सियस माल्टाहून निघाली. गस्त घालत अलेक्झांड्रियाला पोचायचं होतं. आत ६१ माणसं होती. त्यांतले ५९ नेमलेले खलाशी आणि दोघे प्रवासी. प्रवाशांपैकी एक जॉन केप्स, वय ३१, इंजिनखान्यात काम करणारा स्टोकर, पण दुसऱ्या पाणबुडीचा. या पाणबुडीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, हे लक्षात ठेवा. ६ डिसेंबरच्या रात्री पर्सियस पाण्यावर येऊन बॅटऱ्या भरत होती. समुद्र खवळलेला होता. केप्स मागच्या बाजूला एका रिकाम्या टॉर्पेडो नळीत केलेल्या बिछान्यावर पडला होता. तेवढ्यात इटालियन सुरुंग फुटला.

आता तिथे उतरायचं म्हणजे काय, ते आधी सांगतो. त्याशिवाय केप्सने काय केलं हे नीट कळणार नाही. तुमच्यापैकी काहींनी मालवण-तारकर्लीला स्कूबा केलं असेल. तिथे काही मीटर खाली जाऊन रंगीत मासे बघून आपण वर येतो. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर. पर्सियस त्याच्याही खाली आहे. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वरचं वातावरण धरून ५२ मीटरवर तो होतो ६.२ पट. एका श्वासात वर जेवढी हवा लागते, त्याच्या सहापट हवा तिथे लागते. ती घट्टही होते. लिटरमागे साडेसात-आठ ग्रॅम. अशी हवा आत-बाहेर करतानाच छाती दमते, कार्बन डायॉक्साइड साठतो आणि माणूस घाबरा होतो. त्यात नायट्रोजनची गुंगी. या गुंगीतला धोका असा की आपण गुंगलोय हे आपल्याला कळत नाही. गेजवरचा आकडा दिसतो, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागतो.

म्हणून आम्ही खोल उतरणारे डायव्हर साधी हवा घेऊन जात नाही, ट्रायमिक्स घेऊन जातो. १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन. हेलियम हलका आणि त्याची गुंगी येत नाही. या मिश्रणावर ५२ मीटरला डोकं तेवढंच जड होतं, जेवढं हवेवर २४ मीटरला होतं. पाठीवर दोन टँक, कडेला आणखी दोन, परतीच्या वाटेवरचे. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट असतं, खाली थंडी बोचते. पण नितळपणा असा की नांगराच्या दोरीने उतरताना पाणबुडीचा आकार बराच आधी दिसायला लागतो. आधी नुसती एक लांब काळी रेघ. मग मनोरा, पुढची तोफ, कडा.

तळाशी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. वर यायला मात्र तेवढाच वेळ, बहुधा त्याहून जास्तच. अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो, नाहीतर रक्तात बुडबुडे धरतात. ठरलेल्या खोलीवर थांबायचं, वायू बदलायचा, घड्याळ बघायचं. शेवटचा थांबा सहा मीटरवर, तिथे शुद्ध ऑक्सिजन. सहा मीटरच का? कारण त्याखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरू शकतो. दाबाखालच्या ऑक्सिजनने अचानक झटके येतात, आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं साधन, सुटतं. आज जगभरचे डायव्हर ऑक्सिजनचा दाब १.६ वातावरणांच्या वर जाऊ देत नाहीत.

आता केप्सकडे या. त्याच्या हातात होतं डेव्हिस उपकरण. सीबी गॉर्मन कंपनीच्या रॉबर्ट डेव्हिस यांनी केलेलं. छातीवर रबरी पिशवी, ऑक्सिजनची छोटी बाटली, श्वासातला कार्बन डायॉक्साइड शोषणारी भुकटी, नाकाला चिमटा. पुढे एक गुंडाळलेला पडदा असतो. तो पसरून धरला की वर जाण्याचा वेग कमी होतो. पोसायडन बुडाली तेव्हा हे उपकरण पहिल्यांदा खरोखर वापरलं गेलं आणि काही माणसं वाचली. पण त्याची चाचणी झालेली होती फक्त १०० फुटांपर्यंत, म्हणजे ३० मीटर. केप्स त्याहून वीस-बावीस मीटर खाली होता. सहा वातावरणांच्या दाबाखाली, जवळजवळ शुद्ध ऑक्सिजनवर. आम्ही जे सहा मीटरच्या खाली करत नाही, ते त्याने ५२ मीटरवर केलं. थांबे नाहीत, पर्यायी वायू नाही, खाली उजेड नाही, वर डिसेंबरची रात्र.

स्फोटानंतर पाणबुडी नाकावर खाली गेली आणि तळावर आपटली. केप्स टॉर्चच्या उजेडात चाचपडत मागच्या भागात फिरला. तिघे जखमी सापडले. त्यांना हॅचखाली आणलं, उपकरणं चढवली. खोली दाखवणारा काटा बघितला तर २७० फूट. काटा स्फोटात बिघडला होता. खरी खोली १७० फूट. पण त्याला ते कुठून कळणार? तो २७० फुटांवरून निघतोय असंच समजत होता.

हॅच तशीच उघडत नाही, कारण बाहेरचा दाब तिला दाबून ठेवतो. त्यासाठी आधी कप्पा पाण्याने भरू द्यायचा, म्हणजे आतली हवा दाबली जाऊन आत-बाहेर दाब सारखा होतो. हॅचखाली जाड कापडाची नळी सोडायची. तिचं टोक पाण्यात बुडतं आणि वर हवेचा कप्पा शिल्लक राहतो. मग एकेकाने बुडी मारून नळीतून वर जायचं. वाचायला सोपं आहे. पण अंधारात, तेलकट गार पाणी गुडघ्यावरून छातीवर चढत असताना, आपल्या हाताने ते पाणी आत घेत राहणं, याला काय म्हणावं मला कळत नाही. हॅचचे वाकलेले बोल्ट त्याने मोठ्या कष्टाने सोडवले. तिघा जखमींना आधी बाहेर काढलं. मग आपल्या बाटलीतली रम घोटली आणि स्वतः निघाला.

वर येताना फुप्फुसातली हवा सहापट पसरते, म्हणून श्वास सोडत राहावं लागतं. नाही सोडला तर फुप्फुसं फाटतात. केप्सने पुढे लिहिलंय की सगळं शरीर फुटेल असं वाटत होतं. दाबाखाली गेलेला वेळ थोडा होता, म्हणून थांबे न घेताही तो वाचला. वर आल्यावर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. ते तिघे वर पोचले नाहीत. दूर पांढरट कडे दिसले, त्या दिशेने तो अंधारात पोहत राहिला. सकाळी केफालोनियाच्या किनाऱ्यावर दोन कोळ्यांना तो बेशुद्ध सापडला.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण पुढच्या माणसांची नावं सहसा कुणी घेत नाही. बेटावर इटालियन फौजांचा ताबा होता. शत्रूच्या खलाशाला घरात ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यात १९४१-४२ चा हिवाळा. त्या हिवाळ्यात ग्रीसमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती. अशा वेळी केफालोनियाच्या लोकांनी एका अनोळखी माणसाला, ज्याची भाषा येत नव्हती अशा माणसाला, दीड वर्ष या घरातून त्या घरात लपवलं. त्याचे केस काळे रंगवले. त्याचं वजन फार उतरलं होतं. यजमानांच्याच ताटात नव्हतं, तिथे पाहुण्याला काय मिळणार? तरी जे होतं त्यात त्याचा वाटा होता. मे १९४३ मध्ये त्याला मासेमारीच्या होडीतून, लपतछपत, तुर्कस्तानात पोचवलं गेलं. मला विचाराल तर या कथेतलं मोठं धाडस बेटावर झालं. हॅचमधून निघताना केप्सला दुसरा रस्ताच नव्हता. त्या घरांना होता. दार लावून घेता आलं असतं.

केप्स परत आला, त्याला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, आणि तरीही बऱ्याच लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. नौदलातल्यांचाही नाही. आक्षेप साधे होते. यादीत नाव नाही, मग हा पाणबुडीवर होता कशावरून? डेप्थ चार्जच्या, म्हणजे पाणबुडीवर टाकायच्या पाण्याखालच्या बॉम्बच्या, धक्क्याने हॅच उचलली जाऊ नये म्हणून त्या बाहेरून बोल्ट लावून बंद ठेवण्याचे आदेश होते, मग याची उघडली कशी? साक्षीदार एकही नाही. माणूस गप्पा रंगवणारा. त्याने लिहिलेल्या हकिगतींतही तपशील थोडे बदलायचे. आणि २७० फूट! एवढ्या खोलीतून कुणी जिवंत येतं का? म्हणजे बघा, बिघडलेल्या काट्यावर जे दिसलं ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, आणि नेमका त्यानेच तो खोटा पडत गेला. तपशील बदलण्याबद्दल मला आश्चर्य वाटत नाही. दाबाखाली, गुंगीत घडलेलं तुटक आठवतं. आम्ही तर नीट तयारीने जातो, तरी एकाच डाइव्हचं वर्णन दोघांचं सारखं नसतं.

१९८५ मध्ये केप्स वारला. तोवर त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. १९९७ मध्ये ग्रीक डायव्हर आणि संशोधक कोस्तास थोक्तारिदिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्सियस शोधली. मागची हॅच उघडी होती. आतला कप्पा त्याने सांगितला होता तसाच. टॉर्पेडो नळीतला तो बिछानासुद्धा. आणि त्या कप्प्यात त्याची रमची बाटली.

कुणी आधी पोचलं असतं तर? हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो. तोवर बुडालेल्या जहाजांवरून घंटा, सुकाणू, भांडी, पाट्या उचलून घरी नेण्याची डायव्हरमंडळींत सर्रास रीत होती. आजही ती पुरती गेलेली नाही. एखाद्या हौशी माणसाने ती जुनी बाटली पिशवीत टाकली असती, तर ती त्याच्या दिवाणखान्यात शोभेला राहिली असती आणि केप्स कायमचा थापाड्या ठरला असता. वस्तू जागच्या जागी असते तेव्हाच ती काही सांगू शकते. आमच्या क्षेत्रात 'बघा पण हात लावू नका' असं म्हणतात, आणि ते लोकांना नुसत्या सभ्यतेचं वाटतं. पर्सियसवर कळतं की ते पुराव्याचं आहे. हॅचमधून आत डोकवायची इच्छा मलाही होते. पण मी आत जात नाही. आत अडकायची भीती आहे, गाळ उठला की स्वतःचा हात दिसत नाही, हे एक. दुसरं, जे बाहेर पडू शकले नाहीत ते अजून आत आहेत. ६१ पैकी ६० घरांत कुणी परत आलं नाही.

भूमध्य समुद्रात अशा बऱ्याच पाणबुड्या आहेत आणि सगळ्या स्कूबाच्या टप्प्यात नाहीत. थोक्तारिदिस यांनीच २०२३ मध्ये एजियन समुद्रात 'ट्रायम्फ' शोधली, ती २०३ मीटरवर. तिथे यंत्रच पाठवावं लागतं. 'अर्ज' या पाणबुडीची गोष्ट तर पर्सियसच्या फार जवळची. एप्रिल १९४२ मध्ये ती माल्टाहून अलेक्झांड्रियाला निघाली आणि पोचलीच नाही. ती लिबियाच्या किनाऱ्याजवळ सापडली असा दावा मध्यंतरी झाला होता. तिथे काय करत होती, कुठल्या हुकमाने गेली, अशा शंका त्यातून निघाल्या. २०१९ मध्ये माल्टा विद्यापीठाच्या पथकाने ती माल्टाच्या दारातच, १३० मीटरवर शोधली. सुरुंगाने तिचं नाक तुटलं होतं. निघाल्यानिघाल्याच ती बुडाली होती, कुठेही भरकटली नव्हती. आत ४४ जण होते. त्यांतही काही प्रवासी होते, आणि एक होता बर्नार्ड ग्रे नावाचा लंडनचा वार्ताहर.