लक्ष ठेवा

(दृश्य: वॉर्डातले दिवे मंद झालेले. टेबलाशी हँडओव्हर चालू.)

रात्रीचे आठ. दिवसपाळीच्या सिस्टर वॉर्ड सोपवतायत. सात नंबरला ताप आहे. अकराचं ऑपरेशन सकाळीच झालंय. चौदाचे आजोबा अंधारात उठून चालायला बघतात, लक्ष ठेवा.

नर्सचं अर्धं काम या दोन शब्दांत येतं. डॉक्टर राउंड घेऊन जातात, रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस नर्स असते. श्वास मिनिटाला सोळाचा चोवीस होतो. लघवी कमी होते. मघापर्यंत नीट बोलणारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो. बीपी कोसळायच्या पुष्कळ आधी शरीर अशा खुणा देत असतं. त्या टिपायला कुणीतरी खाटेपाशी पोहोचायला हवं.

(दृश्य: एकाच वेळी वाजणाऱ्या दोन बेल.)

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांची माहिती नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. एकच रुग्ण! आणि ड्यूटी लावताना ‘आज जरा सांभाळून घ्या’ म्हणत किती सहज दोन-चार खाटा वाढवल्या जातात. कॅलिफोर्निया राज्याने २००४ पासून एका नर्सकडे किती रुग्ण द्यायचे, यावर कायद्याने मर्यादा घातली. हे इतर ठिकाणीही व्हायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि ५८ लाख कमी पडत होत्या. सातांतली एक नर्स तर जन्मभूमी सोडून परक्या देशात काम करते. ती ज्या वॉर्डातून गेली, तिथल्या खाटा मागे राहिलेल्यांच्या वाट्याला येतात. मग पाठ जाते, झोप जाते, चिडलेल्या नातेवाइकांचे शब्द आणि कधी हातही झेलावे लागतात. अनुभवी सिस्टर नोकरी सोडते, तेव्हा नवख्या मुलीला ‘या पेशंटचा रंग मला बरा वाटत नाही’ असं सांगणारं कुणी उरत नाही.

(दृश्य: खिडकीत उजाडतंय.)

सकाळचे आठ. अकरा नंबरचा श्वास पहाटे वाढला होता. डॉक्टरांना वेळेत बोलावलं, आता तो स्थिर आहे. चौदाचे आजोबा झोपलेत. रात्रपाळीच्या सिस्टरचा चार्ट भरून झालाय, पर्स खांद्याला आहे.

फोन वाजतो. सकाळची सिस्टर आजारी आहे, बदली मिळालेली नाही.

ती पर्स पुन्हा खणात ठेवते.