चौतीस नंबर की एकवीस नंबर?

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका जुन्या वादाबद्दल बोलणार आहे. वाद अमेरिकेतला आहे, कॉलेज फुटबॉलमधला. सामना सुरू होताना रनिंग बॅक म्हणून मैदानात कोणाला उतरवायचं? पहिला कोण?

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलसारखा नाही. इथे चेंडू हातात घेऊन पळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा गडी, ज्याच्या पोटाशी चेंडू देतो आणि जो समोरच्या धिप्पाड गड्यांमधली फट शोधत घुसतो, तो रनिंग बॅक. कबड्डीतला चढाईपटू डोळ्यांपुढे आणा, बाकीचं आपोआप कळेल.

मी मूळचा कोल्हापूरचा. १९८६ साली शिकायला ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर गावी गेलो, ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत. शनिवारी सामना असला की सगळं गाव नारिंगी. त्या संघात तेव्हा एकाच जागेसाठी दोघे होते. चौतीस नंबरचा थर्मन थॉमस आणि एकवीस नंबरचा बॅरी सँडर्स. पुन्हा सांगतो, चौतीस थॉमस, एकवीस सँडर्स. थॉमस वरच्या वर्गातला, नाव कमावलेला. सँडर्स कॅन्ससमधल्या विचिटाचा, उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. उंची कमी म्हणून फारशा कॉलेजांनी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

प्रशिक्षक पॅट जोन्स यांनी १९८७ साली थॉमसलाच पहिला ठेवला आणि थॉमसने १,६१३ यार्ड काढले. सँडर्स दुसरा. पण दुसरा म्हणजे बाकावर बसवलेला नव्हे, हे नीट ऐका. त्याला अधूनमधून चेंडू मिळायचा, आणि किकऑफ, म्हणजे समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू, झेलून परत आणायचं काम त्याचंच होतं. एका किकऑफमागे सरासरी किती यार्ड परत आणले, यात तो त्या वर्षी सगळ्या देशात पहिला आला. पहिला कोण, यावर लोक तावातावाने भांडतात. दुसऱ्याच्या हातात चेंडू किती वेळा देता, हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्याकडे पालक क्रिकेटच्या सरांना गाठून ‘आमच्या बाळाला ओपनिंगला पाठवा’ म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. सातव्या नंबरवर खेळूनही पोरगं तयार होतं, त्याला नेटमध्ये रोज फलंदाजी मिळाली पाहिजे.

हं, तर आमचे घरमालक. गव्हाची शेती करून म्हातारे झालेले, आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. ते थॉमसचे, मी सँडर्सचा. मी म्हणायचो, “अंकल, तो जमिनीलगत पळतो. आमच्या तालमीत वस्ताद सांगायचे, बुटका गडी पटात घुसला की उंच गड्याला त्याला धरायला जागाच सापडत नाही. सँडर्सच्या मांड्या बघा.” अंकल म्हणायचे, “पळेल रे तो. पण क्वार्टरबॅकवर शंभर किलोचा गडी धावून आला, तर त्याला आडवा कोण जाणार? हा? आणि एका सामन्यात तीस वेळा अंगावर माणसं घेतल्यावर चौथ्या शनिवारी उभा तरी राहील का?”

१९८७ पुरते अंकल बरोबर होते, हे मला आज मान्य आहे. ज्याने जागा कमावली होती, त्याला ती मिळाली.

१९८८ साली थॉमस बफेलो बिल्स या व्यावसायिक संघात गेला. आता एकवीस नंबर पहिला. अंकलना भरवसा नव्हता. तेव्हा आमची पैज लागली. पाच सामन्यांत सँडर्सने हजार यार्ड काढले, तर अंकलनी माझ्या हातचा ठेचा खायचा. नाही काढले, तर पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या घराला रंग द्यायचा. अंकलनी अट घातली, “फक्त चेंडू घेऊन पळालेले यार्ड. किकऑफचे धरायचे नाहीत.”

१० सप्टेंबर, पहिला सामना, ओहायोतल्या मायामी संघाशी. मी दोन तिकिटं काढलेली. अंकल बसायची गादी फळीवर नीट घालायला खाली वाकले, एवढ्यात किकऑफ झाला. चेंडू सँडर्सच्या हातात पडला आणि तो निघाला. शंभर यार्ड! अंकल सरळ होईपर्यंत चेंडू शेवटच्या रेषेपार गेला होता, मोसमातला पहिलाच टचडाउन लागला होता, लोक उभे राहून ओरडत होते आणि अंकल माझी बाही ओढून विचारत होते, “काय झालं? अरे, काय झालं?” मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “किकऑफचे धरायचे नाहीत.”

त्या दिवशी पळून काढलेले यार्ड १७८. मग टेक्सस ए अँड एमविरुद्ध १५७. टल्साविरुद्ध ३०४. कोलोरॅडोविरुद्ध १७४. अंकल विजेच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलने मांडत होते. बेरीज ८१३. हवे होते आणखी १८७.

त्या मोसमात सँडर्सने ११ सामन्यांत २,६२८ यार्ड काढले, शेवटच्या सामन्यात टोकियोला जाऊन ३३२, आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइसमन ट्रॉफी त्याला मिळाली, हे सगळं पुढे झालं. आमचा जीव अडकला होता पाचव्या सामन्यात.

१५ ऑक्टोबर. सामना नेब्रास्कात, लिंकनला. आम्ही अंकलच्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलो. खेळ रेडिओवरच ऐकावा, असं माझं ठाम मत आहे. टीव्ही दाखवतो तेवढंच दिसतं, रेडिओवर अख्खं मैदान दिसतं. ओट्यावर मी मिरच्या, लसूण, शेंगदाणे लोखंडी तव्यावर परतून तांब्याच्या बुडाने रगडत होतो. ठेचा मिक्सरमध्ये करू नये. त्याचं पाणी सुटतं आणि चव जाते. भाकरीचं पीठ तिथे कुठून मिळणार? मक्याच्या टॉर्टिया आणलेल्या.

आमचा संघ सपाटून हरत होता. ६३-४२. शेवट जवळ आला तसे अंकल गप्प झाले. आपला संघ हरतोय, नि मी यार्ड मोजतोय, याची मला लाज वाटली. मी रेडिओ बंद करायला हात पुढे केला. अंकलनी माझं मनगट धरलं. “थांब. पोरगा पळतोय अजून.”

सामना संपला. निवेदकाने आकडा सांगितला, सँडर्स १८९.

अंकलनी पेन्सिल घेतली. ८१३ च्या खाली १८९ लिहिले, बेरीज केली, १,००२. मग त्याखाली एक रेघ ओढली, बिलाची घडी करून खिशात ठेवली आणि ताट स्वतःकडे सरकवलं.