हरणाऱ्या संघालाही गर्दी होते

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला विषय दिला तो असा: खेळांना जेवढा लोकाश्रय मिळतो तेवढा कलांना का मिळत नाही? विषय सुचवला आपल्या नाट्यविभागाने, त्यामुळे माझ्याकडून कोणतं उत्तर अपेक्षित आहे ते मी ओळखून आहे. समाजाची अभिरुची घसरली, पैसेवाल्यांना कदर नाही, सरकारं बहिरी आहेत, असं म्हणून मी चार टाळ्या घ्याव्यात आणि खाली बसावं. माझी तक्रार मात्र बरीचशी आपल्याच गोटातल्या लोकांवर आहे. क्रिकेट समितीने एवढ्यात खूश होऊ नये.

समाज कलेला कमी लेखतो, असं मला वाटत नाही. भारतरत्नाचंच बघा. जुन्या नियमांत कला, साहित्य, विज्ञान आणि लोकसेवा एवढीच क्षेत्रं होती, खेळाचा उल्लेखही नव्हता. सत्यजित राय यांना १९९२ मध्ये, सुब्बुलक्ष्मींना १९९८ मध्ये, लताबाई आणि बिस्मिल्ला खाँ यांना २००१ मध्ये तो सन्मान मिळाला, पुढे भीमसेन जोशींनाही मिळाला. खेळाडूला मात्र २०११ मध्ये नियम सैल होईपर्यंत थांबावं लागलं आणि २०१४ मध्ये सचिन तेंडुलकर हा पहिला खेळाडू भारतरत्न झाला. मानाच्या पंगतीत खेळ इतका उशिरा आला. आणि पैशाचं बघायचं, तर आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे नुसते प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. हार कलावंताच्या गळ्यात आणि चेक खेळाडूच्या हातात. (सगळ्या खेळाडूंच्या नव्हे. एखाद्या तिरंदाजाला किंवा लांब पल्ल्याच्या धावपटूला विचारा, तो नाटकवाल्यांच्या शेजारी येऊन बसेल.)

सरकारी तिजोरी कलेसाठी कायम बंदच असते, हेही खरं नाही. जर्मनीत सुमारे १४० नाट्यगृहं सार्वजनिक पैशावर चालतात. एके काळी तिथे लहानमोठी शेकडो संस्थानं होती आणि दरबार म्हटला की पदरी नाट्यगृह हवं, अशी रीत होती. संस्थानिक गेले, नाट्यगृहं राहिली, आणि शहरांनी ती सांभाळली. नॉर्वेत १९६५ पासून नव्या ललित पुस्तकांच्या प्रती सरकारी पैशाने ग्रंथालयांसाठी घेतल्या जातात. आयर्लंडने २०२२ मध्ये दोन हजार कलावंतांना दर आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. म्हणजे मनात आणलं तर पैसा निघतो. तो काढायला कोण भाग पाडतं, आणि तो कापला गेला तर रस्त्यावर कोण उतरतं, हे बघायला हवं. नाट्यगृहाचं अनुदान बंद झालं की निषेधाच्या पत्रकावर सह्या असतात त्या नाटकवाल्यांच्याच. गावातला फुटबॉल क्लब बुडायला आला तर ज्याने जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही तोही वर्गणी काढतो.

ब्रिटनमधला एक अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तिथे १९९४ मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली. तिच्यातून लोकहिताच्या कामांसाठी जो पैसा बाजूला निघे, त्याचे सुरुवातीला पाच समान वाटे होत. त्यातला एक कलांचा, एक खेळांचा. एकच पेटी, सारखाच हिस्सा. कलांच्या वाट्यातून १९९५ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसला नूतनीकरणासाठी सुमारे ७.८ कोटी पाउंड जाहीर झाले आणि वर्तमानपत्रांनी झोड उठवली. लॉटरीची तिकिटं गरिबाने काढायची आणि ऑपेरा श्रीमंताने बघायचा, हा आक्षेप. खेळांची सुरुवात खरं तर याहून लाजिरवाणी होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला सुवर्णपदक मिळालं एक. पुढच्या वर्षापासून लॉटरीचा पैसा थेट खेळाडूंच्या तयारीवर खर्च होऊ लागला. सिडनीत ११ सुवर्णं आली, लंडनला २०१२ मध्ये २९, रिओत २७. त्यानंतर खेळांना कशाला पैसा देता, असं विचारायची सोय राहिली नाही. पदकतक्ता वर्तमानपत्रात छापून येतो आणि शाळेतल्या मुलालाही तो वाचता येतो.

याला दुसरी बाजूही आहे. पदकाची आशा नसलेल्या खेळांचे पैसे तिथे निर्दयपणे कापले गेले. पण लोकांना हिशोब कळला. ऑपेरा हाउसनेही त्या पैशाचं काहीतरी केलंच असेल, इमारत उत्तम झाली आहे. ते कुठल्या तक्त्यात दिसणार?

असा तक्ता करून बघितला नाही असंही नाही. १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये वास्तुकला, साहित्य, संगीत, चित्रकला आणि शिल्पकला यांच्या स्पर्धा होत आणि पदकंही दिली जात. अट एवढीच, की विषय खेळाशी निगडित हवा. पहिल्याच वर्षी साहित्याचं सुवर्णपदक खुद्द ऑलिंपिकचे प्रवर्तक कूबर्टिन यांना मिळालं, तेही टोपणनावाने पाठवलेल्या कवितेला! (आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांचे निकाल आठवून कुणी हसू नये.) पुढे परीक्षकच हात आखडता घेऊ लागले. १९२४ मध्ये पॅरिसला संगीताच्या परीक्षकांत स्ट्राविन्स्की आणि रावेल यांच्यासारखे दिग्गज होते. त्यांनी संगीतात एकही पदक दिलं नाही. धावण्याच्या शर्यतीत सगळेच सावकाश धावले तरी कुणीतरी पहिला येतोच. संगीतात पहिला कुणी आलाच नाही, असं म्हणता येतं. १९४८ नंतर या स्पर्धा बंद झाल्या. कलावंत व्यावसायिक असतात आणि ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं, हे त्याचं अधिकृत कारण.

तर निकाल स्पष्ट असतो हे खेळाचं एक बळ. दुसरं बळ, तो निकाल आधी ठाऊक नसतो. सामना आत्ता, याच क्षणी बघावा लागतो, उद्या त्याला शिळेपण येतं. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की कलांचा खर्च इतर उद्योगांच्या मानाने वाढतच जाणार. दोनशे वर्षांपूर्वी चार वादकांना जी रचना वाजवायला अर्धा तास लागे, तिला आजही चार माणसं आणि अर्धा तासच लागतो. पगार मात्र आजचे द्यावे लागतात. गंमत अशी की क्रिकेटलाही अकराच माणसं लागतात, नऊ करून चालत नाही. पण कोट्यवधी लोक एकाच वेळी पडद्यासमोर बसतात, म्हणून जाहिरातदार तो खर्च उचलतो. नाटकाचं रेकॉर्डिंग आपण ‘सवडीने बघू’ म्हणून ठेवतो, आणि ती सवड कधी मिळते ते तुम्हाला माहीत आहे.

शिवाय कला कधीतरी कुणाला तरी झोंबते. अमेरिकेत १९८९ मध्ये काही छायाचित्रांवरून एवढं वादळ झालं की कलांना पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या कायद्यात पुढच्या वर्षी सभ्यतेचा निकष घालण्यात आला. खेळात फार तर पंच चुकतो. पुढाऱ्याला कुणाबरोबर फोटो काढून घेणं सोपं, हे वेगळं सांगायला नको.

ही सगळी कारणं खरी आहेत, पण माझ्या मते मूळ कारण याच्याही खाली आहे. वर्षानुवर्षं हरणारे संघ असतात आणि त्यांचे पाठीराखे दर आठवड्याला येतात. शिव्या घालतात, कर्णधार बदला म्हणतात, आणि पुन्हा येतात. नाटक एकदा पडलं की त्या संस्थेच्या पुढच्या नाटकाला अर्धं सभागृह रिकामं. संघ लोकांचा स्वतःचा असतो. कलाकृती दुसऱ्याची असते, आपण फक्त तिची परीक्षा घ्यायला जातो. आपलं माणूस नापास झालं तरी आपण त्याला घराबाहेर काढत नाही. परक्याला मात्र दुसरी संधी देत नाही.

आणि हे परकेपण आम्ही कलावाल्यांनीच जोपासलं आहे. ‘दर्दी’, ‘जाणकार’ हे शब्द आम्ही किती प्रेमाने वापरतो! टाळी चुकीच्या जागी पडली की पुढच्या रांगेतून मान वळते. ज्याच्याकडे अशी मान वळली, तो माणूस पुढच्या वेळी कलेच्या अनुदानासाठी हात वर करेल? क्रिकेट बघताना शेजारच्याला एलबीडब्ल्यू कळत नसलं तर अख्खी रांग त्याला समजावायला धावते.

पैसे मागताना आम्ही पर्यटन वाढेल, रोजगार वाढेल, शहराची भरभराट होईल, असली भाषा वापरतो. ही भाषा मुळात खेळवाल्यांची, आणि त्यांच्या बाबतीतही पोकळ. स्टेडियमवर घातलेला सार्वजनिक पैसा शहराला परत मिळतो का, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी अनेकदा तपासलं आणि बहुतेकांचं उत्तर नाही असंच आलं. तरी शहरं स्टेडियमं बांधतच राहतात, कारण ‘आपला’ संघ दुसऱ्या शहरात निघून जाईल, ही धास्ती आकडेमोडीपेक्षा भारी पडते. नाटकमंडळी निघून जाईल या धास्तीने कुठल्या महापौराची झोप उडाली आहे?

आपलेपणा येतो कुठून? मला वाटतं, हातांतून येतो. लहानपणी बहुतेकांनी बॅट धरलेली असते, झेल सोडलेला असतो. त्यामुळे पडद्यावरचा झेल किती अवघड होता, हे शरीराला कळतं. किती जणांनी भूमिका केलेली असते, मातीला आकार दिलेला असतो, चारचौघांच्या बरोबर सूर लावलेला असतो? व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये मुलांचे वाद्यवृंद उभे करायला सुरुवात केली. पद्धत जवळपास खेळातल्या संघासारखी: जवळजवळ रोजचा सराव, सगळ्यांनी मिळून वाजवायचं, नवख्याला थोड्या मोठ्याने शिकवायचं. सरकारी पैसाही मुख्यतः सामाजिक योजनांच्या खात्यातून आला, संस्कृतीच्या नव्हे. त्या संस्थेच्या कडक शिस्तीवर आणि सत्तेशी असलेल्या जवळिकीवर टीका झाली आहे, तिच्यात तथ्यही आहे. पण ज्या घरातलं मूल व्हायोलिन घेऊन बाहेर पडतं, ते घर वाद्यवृंदाला परका मानत नाही.

आता आपल्याकडे वळतो. मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेत ज्याला बॅट सरळ धरता येत नाही त्यालाही शेवटच्या क्रमांकावर का होईना, खेळायला मिळतं. त्याची बायकोमुलं सीमारेषेवर येऊन ओरडतात, प्रायोजकाला ती गर्दी दिसते. नाटकात मात्र वर्षानुवर्षं तीच सात-आठ माणसं, आणि तालीम दार लावून. मग तिकिटं खपत नाहीत म्हणून आपण हळहळतो.

माझी सूचना अगदी साधी आहे. पुढच्या नाटकाच्या निदान चार तालमी सगळ्यांसाठी उघड्या ठेवा. चुका दिसू द्या, दिग्दर्शक चिडलेला दिसू द्या. दर प्रयोगात दोन भूमिका कधीच रंगमंचावर न आलेल्यांसाठी राखून ठेवा, आणि त्या पडल्या तर पडू द्या. नेपथ्य ठोकायला बोलवायचंच असेल तर क्रिकेटवाल्यांना बोलवा. आणि प्रायोजकाकडे स्पर्धा आणि नाटक यांचा एकत्र प्रस्ताव न्या. ‘स्पर्धेचे पैसे उरले तर नाटकाला’ ही पद्धत एक वर्ष तरी बंद ठेवून बघू.

हा ठराव म्हणून मांडायचा असेल तर अनुमोदन द्यायला मी तयार आहे. सूचक मात्र क्रिकेट समितीतला हवा.