पीएचडीनंतर, सातपुड्याच्या पायथ्याशी

[दृश्य: केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता, यावल तालुका]

या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आहेत आणि उत्तरेला सातपुड्याची रांग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघालेल्या या संशोधिका याच पट्ट्यात वाढल्या. चिकित्सा मानसशास्त्रात एम.फिल. आणि पुढे पीएचडी पूर्ण करून त्या आता पोस्ट-डॉक्टरल फेलो, म्हणजे पीएचडीनंतर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली संशोधन करणाऱ्या अभ्यासक, म्हणून काम करीत आहेत. नावाआधी डॉक्टर लागले की शिक्षण संपले, असे घरोघरी मानले जाते. यांच्या दिवसाचा मोठा भाग मात्र अजूनही शिकण्यात जातो.

अमेरिकेत १९४९ च्या बोल्डर परिषदेने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा उपचारक आणि संशोधक असा दोन्ही असावा ही दिशा घालून दिली, आणि तेथील अनेक राज्यांत डॉक्टरेटनंतरही ज्येष्ठांच्या देखरेखीखाली सराव केल्याशिवाय परवाना मिळत नाही. आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी एम.फिल.सारख्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणावर होते. पीएचडीची अट त्यासाठी नाही. त्यामुळे पीएचडीनंतरचा काळ सक्तीचा नसतो. निधी आणि मार्गदर्शक जिथे असतील तिथे, बहुतेकदा बंगळूरुसारख्या मोठ्या शहरात, तो घालवला जातो. या संशोधिकांनी मार्गदर्शक बंगळूरुचे ठेवले आणि कामाची जागा खानदेश निवडली. ही निवड आम्हाला फार मोलाची वाटते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. खानदेशाला लागून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये त्यात होती, महाराष्ट्र नव्हता.

[दृश्य: टेबल, कागद, दोन स्त्रियांचे हात, तुरीचे दाणे]

समोर बसलेल्या बाईंचा चेहरा आपल्याला दिसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २४ व्या कलमानुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही. म्हणून चित्रण हातांपुरते आणि कागदांपुरते ठेवले आहे.

कागदावर आहे ती पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली. तिच्यात नऊ प्रश्न असतात, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण मिळतात आणि एकूण गुण जास्तीत जास्त २७ असतात. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांविषयी असतात, आणि 'निम्म्याहून अधिक दिवस' असा एक पर्याय त्यांत असतो. दिवस असे मोजून सांगण्याची सवय फारशी कोणाला नसते. म्हणून आधी मागचे दोन आठवडी बाजार आठवायला सांगितले जातात, त्यानंतर टेबलावर तुरीचे चौदा दाणे मांडले जातात, आणि जितके दिवस वाईट गेले तितके दाणे त्या बाई स्वतःच्या हाताने बाजूला सारतात. सातव्या प्रश्नात मन एकाग्र होते का, हे विचारताना मूळ प्रश्नावली वर्तमानपत्र वाचण्याचे आणि टीव्ही पाहण्याचे उदाहरण देते. इथे त्या जागी धान्य निवडण्याचे उदाहरण घेतले आहे. थकव्याच्या प्रश्नाला सर्वाधिक वेळ लागतो, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत थकलेली नाही अशी बाई सापडणे कठीण असते, आणि मजुरीचा थकवा कोणता व नैराश्याचा कोणता हे गुणांवरून कळत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर 'तुम्हाला यातून काय समजलं, ताई?' असे विचारले जाते आणि ते उत्तर लेवा गणबोलीत किंवा अहिराणीत, म्हणजे त्या बाईंच्याच बोलीत, जसेच्या तसे उतरवून घेतले जाते. नववा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांचा आहे. तिथे 'हो' आले की संशोधन बाजूला ठेवले जाते, जोखमीची तपासणी होते, वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावले जाते आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हातात दिला जातो.

[दृश्य: आशा सेविकांची बैठक; नंतर लॅपटॉप आणि हेडफोन]

या प्रश्नावलीखेरीज संशोधिकांचा दुसरा संशोधनविषय उपचारांचा आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्यावर उपचार केले, आणि तीन महिन्यांनी त्यांच्या रुग्णांची स्थिती नेहमीचीच सेवा मिळालेल्या रुग्णांपेक्षा चांगली आढळली. या पद्धतीत मनाला उभारी येण्याची वाट न पाहता रोजच्या वेळापत्रकात छोटी, जमण्याजोगी कामे परत आणली जातात. या आशाताई ते वेळापत्रक चित्रांत मांडायला शिकत आहेत. लिहिता न येणाऱ्यांनाही ते भरता यावे, यासाठी पाणी भरणे, शेजारी जाऊन बसणे, मंदिरात जाणे अशी चित्रे त्यांनी स्वतः सुचवली आहेत.

संध्याकाळी संशोधिकांची स्वतःची शिकवणी सुरू होते. रुग्णांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या भेटी त्या ऐकतात आणि समुपदेशकाने मध्येच सल्ला दिला का, रुग्णाचे बोलणे पूर्ण होऊ दिले का, ठरलेल्या कामाची विचारपूस केली का, याला ठरावीक निकषांवर गुण देतात. तीच भेट बंगळूरुचे मार्गदर्शकही स्वतंत्रपणे ऐकून गुण देतात, आणि दोघांच्या गुणांत तफावत आली की मुद्रण मागे नेऊन त्याच दोन मिनिटांवर दीर्घ चर्चा होते. स्वतःच्या कानावर दुसऱ्या जाणत्याचा कान ठेवून शिकण्याची ही संधी पीएचडीच्या प्रबंधात सहसा मिळत नाही, आणि खानदेशातल्या प्रत्येक जिल्ह्यात ती उपलब्ध असायला हवी, असे आम्ही ठामपणे मानतो.

फेलोशिपची मुदत संपल्यावर आशाताईंच्या देखरेखीचे काम कोणाकडे जाणार, हे अद्याप ठरलेले नाही.

[दृश्य: धडगावकडे जाणारा घाट]

पुढची फेरी नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव भागात आहे. तिथे पावरी ही आदिवासी बोली मातृभाषा असलेले पदवीधर या नऊ प्रश्नांवर संशोधिकांबरोबर बसू लागले आहेत, आणि पहिल्या प्रश्नापासूनच नवी मांडणी करावी लागणार, असे त्यांचे म्हणणे आहे.