मावळत्या अध्यक्षांचं काम

(पडद्यावर: शिकागो, अमेरिकन मेडिकल असोसिएशन)

फेब्रुवारी २००८. डॉ. रोनाल्ड डेव्हिस यांना अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. वय एक्कावन्न. तपासण्यांमधून निदान झालं: स्वादुपिंडाचा कर्करोग, चौथी अवस्था.

स्वादुपिंड पोटात खोलवर, जठराच्या मागे असतं. तिथली गाठ सुरुवातीला दुखत नाही, हाताला लागत नाही. बहुतेक रुग्णांना आजार कळतो तो उशिराच. चौथ्या अवस्थेत तो दूरच्या अवयवांपर्यंत पोचलेला असतो आणि शस्त्रक्रिया करून मुळापासून काढून टाकणं सहसा शक्य नसतं. यातलं काहीही डॉ. डेव्हिसना समजावून सांगावं लागलं नसणार. रोग होण्याआधी तो कसा टाळायचा, कुठल्या आजारानं किती माणसं दगावतात, हाच त्यांचा अभ्यासविषय. प्रतिबंधात्मक वैद्यक या शाखेतून आलेले ते या संघटनेचे पहिलेच अध्यक्ष.

नावाला ते डॉक्टर, पण त्यांची खरी लढाई तंबाखूशी. १९८७ ते १९९१ या काळात अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रातलं धूम्रपानविषयक कार्यालय त्यांच्याकडे होतं. देशाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारचे प्रमुख डॉक्टर, धूम्रपानावर जे अहवाल काढत, ते याच कार्यालयात तयार होत. निकोटिनचं व्यसन लागतं, हे ठामपणे सांगणारा १९८८चा अहवाल त्यातलाच. सिगारेट कंपन्या तेव्हा म्हणत होत्या की ओढणं ही आवडीची गोष्ट आहे, वाटलं तर माणूस सोडू शकतो. पुढे १९९२ मध्ये ‘टोबॅको कंट्रोल’ हे शोधपत्र सुरू झालं, त्याचे पहिले संपादक डॉ. डेव्हिसच.

तंबाखू हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचंही एक कारण आहे. इथे नियतीचा खेळ वगैरे म्हणायचा मोह कुणालाही होईल. आपण तो टाळूया. कर्करोग कुणाचा बायोडेटा वाचून येत नाही.

(पडद्यावर: नियोजित अध्यक्ष, अध्यक्ष, मावळते अध्यक्ष)

अध्यक्षपद सोडावं का? हा प्रश्न उभा राहणं साहजिक होतं. त्याचं उत्तर समजून घ्यायला संघटनेची रचना पाहावी लागते. १८४७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत अध्यक्ष रोजचा कारभार बघत नाही. कार्यालय, पैसा, कर्मचारी यांच्यासाठी पगारी मुख्य अधिकारी आणि विश्वस्त मंडळ असतं. अध्यक्ष हा संघटनेचा आवाज. त्यानं भाषणं करायची, संसदेपुढे बाजू मांडायची, पत्रकारांना उत्तरं द्यायची. शिवाय हे एका वर्षाचं पद खरं तर तीन वर्षांचं असतं: आधी नियोजित अध्यक्ष, मग अध्यक्ष, मग मावळते अध्यक्ष. त्यामुळे एखाद्याला मध्येच आजारपण आलं तरी शेजारच्या खुर्चीत जबाबदारी घेऊ शकणारं माणूस आधीच बसलेलं असतं. त्या वर्षी त्या खुर्चीत डॉ. नॅन्सी नील्सन होत्या.

पण आवाजाचं काम आजारी माणसानं करायचं म्हणजे काय, हे बाहेरून कळणं अवघड. कर्करोगावरचे उपचार थकवतात, आणि हे काम प्रवासाचं, सतत लोकांसमोर उभं राहण्याचं. त्यात ते वर्ष धामधुमीचं होतं. अमेरिकेत सुमारे ४ कोटी ७० लाख लोकांकडे आरोग्य विमा नव्हता आणि संघटनेनं त्यांच्यासाठी देशभर मोहीम उघडली होती. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत डॉक्टरांना मिळणारे पैसे १ जुलैपासून १०.६ टक्क्यांनी कापले जाणार होते. ती कपात संसदेनं अखेर रोखली, तेही १५ जुलैला राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार बाजूला सारून.

डॉ. डेव्हिस यांनी आजार लपवला नाही, आणि वर्षही पुरं केलं. जूनमध्ये शिकागोच्या वार्षिक सभेत ते अध्यक्ष म्हणून शेवटचं बोलायला उभे राहिले. समोर देशभरातून आलेले डॉक्टर. रुग्णाची आशा काढून घेऊ नका, असं त्यांनी त्यांना विनवलं. आयुष्यभर लोकसंख्येच्या हिशेबात विचार केलेल्या माणसानं हे म्हणावं, याला वजन आहे. हजार रुग्णांमागे किती जगतात, हे आकडा सांगतो. समोर बसलेला त्या हजारातला कितवा, ते आकड्याला ठाऊक नसतं.

(पडद्यावर: जुलै २००८)

सूत्रं डॉ. नील्सन यांच्याकडे गेली, डॉ. डेव्हिस मावळते अध्यक्ष झाले. इथे थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण एक काम यायचं होतं, आणि माझ्या मते त्या सगळ्या वर्षातलं तेच सर्वांत अवघड.

संघटनेनं २००५ मध्ये तज्ज्ञांची एक समिती बसवली होती. प्रश्न साधा होता: आपण कृष्णवर्णीय डॉक्टरांशी कसे वागलो? उत्तर साधं नव्हतं. १८७०च्या सभेत संघटनेनं कृष्णवर्णीय आणि गोरे एकत्र असलेल्या एका वैद्यकीय मंडळाच्या प्रतिनिधींना बसू दिलं नाही. स्थानिक मंडळांनी कुणाला सदस्य करावं हा त्यांचा प्रश्न, असं म्हणत पुढची अनेक दशकं हात झटकले. दक्षिणेतल्या मंडळांनी काय केलं असेल ते सांगायला नको. आणि हे सदस्यत्व शोभेचं नव्हतं. ते नसेल तर अनेक रुग्णालयं डॉक्टरला रुग्ण दाखल करू देत नसत, म्हणजे त्याची प्रॅक्टिस अर्धीच राही. दारं बंद म्हणून कृष्णवर्णीय डॉक्टरांनी १८९५ मध्ये नॅशनल मेडिकल असोसिएशन ही स्वतःची संघटना काढली. भेदभाव करणाऱ्या मंडळांना बाहेर काढण्याची तरतूद व्हायला १९६८ उजाडलं.

समितीचा अहवाल संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात जुलै २००८ मध्ये आला. त्याच अंकात संघटनेच्या वतीनं लिहिलेलं टिपण होतं, माफी मागणारं. खाली नाव रोनाल्ड डेव्हिस. ३० जुलैला अटलांटामध्ये, त्याच नॅशनल मेडिकल असोसिएशनच्या वार्षिक सभेपुढे, ही माफी त्यांच्या भाषणातून मांडली गेली.

ज्या चुकांबद्दल ते बोलत होते, त्यातल्या बहुतेक त्यांच्या जन्माआधीच्या. अशी माफी उशिराची असते, आणि शब्दांनी कुणाची गेलेली प्रॅक्टिस परत येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण संस्थेच्या नावानं ती मागायला कुणीतरी उभं राहावं लागतं.

६ नोव्हेंबर २००८ रोजी, बावन्नाव्या वर्षी, डॉ. डेव्हिस गेले. दोनच दिवसांपूर्वी अमेरिकेनं आपला पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष निवडला होता. त्याच राष्ट्राध्यक्षांनी २२ जून २००९ रोजी तंबाखू नियंत्रण कायद्यावर सही केली. सिगारेटवर नियमन करण्याचा अधिकार त्या कायद्यानं पहिल्यांदाच अन्न व औषध प्रशासनाला मिळाला, आणि त्याच वर्षी फळांच्या नि मिठायांच्या चवीच्या सिगारेटींवर बंदी आली.