कॅमेरा बसवलात, आता मावशींना सांगा
(पुण्यातल्या एका पालक मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, संपादित)

नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'घरात कॅमेरा: हवा की नको?' हा वाद मी घालत बसणार नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी तो आधीच बसलाय, आणि मी बोलत असताना दोघं-तिघं मांडीवरच्या मोबाइलमध्ये घर बघतायत, ते मला इथून दिसतंय. बघा, माझी हरकत नाही.

आईबापांची धास्ती खोटी नाही. २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती संपते तेव्हा बाळ जेमतेम पाच-सहा महिन्यांचं असतं. आजी-आजोबा गावाकडे. बाळ सांभाळायला ब्युरोने पाठवलेल्या मावशींचं नाव गेल्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलेलं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याला बोलता येत नाही. अशा वेळी कपाटावर कॅमेरा ठेवावासा वाटला तर त्यात कसला गुन्हा? माझं म्हणणं एवढंच, की मावशींना सांगून ठेवा आणि कॅमेऱ्याकडून किती अपेक्षा करायची ते ओळखा.

दोन प्रकरणं आठवा. २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारहाण केली. ते चित्रण सगळ्या वाहिन्यांनी दिवसभर दाखवलं. कॅमेरा तिथे आधीपासून होता, तरी मारहाण झाली. मग २०२२ मध्ये सुरतेत आठ महिन्यांच्या बाळाला सांभाळणाऱ्या बाईने इतकं मारलं की त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तिथे कॅमेरा बसवला गेला तो शेजाऱ्यांमुळे. आईवडील कामावर गेले की मुलं फार रडतात, असं त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे खारघरला कॅमेऱ्याने हात धरला नाही आणि सुरतेला संशय माणसांना आला. पोलिसांपुढे पुरावा म्हणून दोन्हीकडे तो उपयोगी पडला, हे मात्र खरं, आणि ते काही कमी नाही. पण शेजारच्या काकूंशी तुमचं बोलणं आहे का, हे मी कॅमेऱ्याच्या आधी विचारेन.

आता कॅमेऱ्यात काय दिसतं? शांत बाळ दिसलं की आपल्याला हायसं वाटतं. पण बाळ दोन प्रकारांनी शांत राहतं. एक, ते खेळून दमलंय. दुसरं, त्याच्यासमोर तीन तास मोबाइल चालू आहे, किंवा सर्दीच्या औषधाचं एक बूच जास्त गेलंय. त्या औषधांनी गुंगी येते, आणि गुंगीतलं बाळ पडद्यावर अगदी गुणी दिसतं. हे चित्रात कळत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर बाळाला हातात घेतलं की कळतं. लंगोटाच्या जागी लाली आहे का, दुपारची खिचडी पातेल्यात तशीच उरलीय का, औषधाच्या बाटलीतली पातळी सकाळइतकीच आहे का, आणि सकाळी मावशी दारात आल्या की बाळ त्यांच्याकडे झेपावतं की तुमच्या खांद्याला घट्ट धरतं.

त्या कॅमेऱ्यातून बोलायचीही सोय असते, ती फार वाईट. हिंजवडीतल्या ऑफिसातून आई म्हणते, "मावशी, टोपी घाला त्याला." आवाज येतो टीव्हीच्या वरून. बाळ मान वर करतं, रांगत टीव्हीपाशी जातं, मागे वाकून बघतं, आई नाही. मग भोकाड पसरतं. आई तिकडे मीटिंगमध्ये, आणि समजूत काढायची मावशींनी. शिवाय चार वेळा अशी आकाशवाणी झाली की मावशी बाळाकडे बघायचं सोडून कॅमेऱ्याकडे बघायला लागतात. माझं ऐकाल तर तो स्पीकर बंद ठेवा आणि फोन करा.

आता कायदा, थोडक्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. म्हणून 'माझं घर, माझा कॅमेरा' असं आपण म्हणतो. पण ते घर मावशींची नोकरीची जागा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तर घरालाही कामाचं ठिकाण मानतो आणि घरकाम करणाऱ्या बाईला तक्रारीचा हक्क देतो. चोवीस तासांच्या बाई रात्री कुठे झोपतात? बहुतेक घरांत बाळाच्याच खोलीत, खाली गादी टाकून. कॅमेरा तिथेच, आणि तो अंधारातही बघतो. त्या साडी बदलतात कुठे, हा प्रश्न किती घरांत कुणी विचारलाय? संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण केलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा कॅमेरा हॉलमध्ये, बाळाच्या खेळण्याच्या जागेवर. रात्री बंद.

आणि पासवर्ड बदला हो! कंपनीने दिलेला तसाच ठेवणारे इथेही असतील. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले, कंपनीने दिलेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे ताब्यात घेतले होते. मावशींनी फोडलेल्या कपाचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे तर मला समजतच नाहीत. त्या चित्रात तुमचं बाळही असतं ना?

एक चिठ्ठी आलीय: 'सांगितल्यावर मावशींनी नकार दिला तर?' आधी का ते विचारा. बऱ्याचदा त्यांना वाटतं की आपलं चित्र साहेबांचे मित्र बघतील. कोण बघतं आणि किती दिवसांनी पुसलं जातं, ते मोबाइल हातात देऊन दाखवा. हेही सांगा, की उद्या अंगठी सापडली नाही आणि बोट त्यांच्याकडे गेलं, तर तेच चित्रण त्यांनाही बघायला मिळेल. मग ते खरंच द्या. एवढं करूनही नको म्हणाल्या, तर तो त्यांचा हक्क आहे. त्या दिवसापर्यंतचा पगार हातावर ठेवा आणि दुसऱ्या बाई बघा.